फळ्यावरचं एक खोटं वाक्य

बाई, तुम्ही गेलात तेव्हा माझ्या तक्त्यातले दोन रकाने रिकामे होते. आज एकच आहे. हे तुम्हाला सांगायला हवं, कारण त्या रकान्यांवरून तुम्ही आणि मी चार वर्षं भांडलो आणि भांडण काही मिटलं नाही.

तुमच्या नोकरीची वर्षं, शाळेचं नाव, मिळालेले सत्कार हे सगळं तुमच्या भावाने, दादांनी, छापून घेतलेल्या कार्डावर आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला तुमच्या रविवारच्या वर्गाबद्दल लिहायचं आहे, आणि त्या वर्गात फळ्यावर लिहिल्या गेलेल्या एका वाक्याबद्दल. वाक्य इंग्रजी होतं, अकरा शब्दांचं. लिहिलं मी होतं.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझं वय शेहेचाळीस होतं. कारखान्यात मी तपासणी खात्यात. दिवसभर हातात मोजमापाचा कॅलिपर, समोर व्हॉल्व्ह, आणि संध्याकाळी इंग्रजीत शेरा. एकदा अडतीस व्हॉल्व्हना बारीक चीर सापडली. मी ते वेगळे काढले आणि शेरा लिहिला, ‘दीज आर द व्हॉल्व्ह्स विच मे बी रिजेक्टेड.’ पॅकिंगच्या माणसाने तो वाचला आणि माल भरायला घेतला. मी धावत गेलो तर तो शांतपणे म्हणाला, ‘साळवी, तुम्हीच लिहिलंय ना, नाकारले तरी चालतील म्हणून. आम्ही नाही नाकारले.’ चूक माझी होती. नाकारायलाच हवेत, असं मला लिहायचं होतं. व्हॉल्व्ह परत आले, पण मला तीन दिवस जेवण गेलं नाही. बायको, सुषमा, म्हणाली, ‘होळी गावात एक बाई रविवारी शिकवतात म्हणे मोठ्या माणसांना. जा की. नुसतं मोजत काय बसलाय?’

माणिकपूरच्या माझ्या घरून तुमचं घर स्कूटरने सतरा मिनिटं. ओट्यावर सहा-सात माणसं बसली होती, आणि मध्ये माठाच्या आणि मेथीच्या भाजीचा हा मोठा ढीग. प्रत्येकाच्या हाताशी जुड्या बांधायला केळीच्या सोपटाच्या पट्ट्या. मला वाटलं पत्ता चुकला. तुम्ही ढिगाकडे बोट केलंत. ‘बसा. हात रिकामे ठेवायचे नाहीत. फी तीच आहे. माणशी पंचवीस जुड्या.’

मी व्हॉल्व्हची हकीकत सांगितली. तुम्ही सगळी ऐकून घेतलीत आणि म्हणालात, ‘व्हॉल्व्हचं नंतर बघू. घरात कोण कोण असतं?’

मी म्हटलं, बायको आणि मुलगी.

‘मुलीला काय येतं?’

‘पोहायला येतं.’

‘मग लिहा. आय हॅव अ डॉटर हू कॅन स्विम. आधी माणूस उभा करा, मग त्याच्यामागे सांगा त्याला काय येतं, त्याने काय करायला हवं, तो कदाचित काय करेल. मराठीत आपण आधी ‘जो’ म्हणतो आणि ‘तो’ भेटेपर्यंत जीव टांगणीला लावतो. इंग्रजीत माणूस आधीच दारात उभा असतो.’

मी लिहिलं. तुम्ही वही घेतलीत आणि पेन्सिल हातात धरून मला विचारलंत, ‘खरंच येतं ना पोहायला?’

‘येतं म्हणजे… शिकतेय.’

तुम्ही वाक्यापुढे पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलंत. तुमच्याकडे टिंब म्हणजे चूक. काय चूक, ते शोधायचं आपण. मी व्याकरण तीनदा तपासलं, चूक सापडेना. शेवटी शेजारी बसलेल्या एका बाईंनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, ‘अहो, वाक्य बरोबर आहे, पण खरं नाहीये.’

तुमच्या वर्गाचा हाच एक कायदा होता. वहीत खोटं वाक्य लिहायचं नाही. माणूस लिहिला तर तो असला पाहिजे, आणि त्याच्याबद्दल जे लिहिलं ते तसंच असलं पाहिजे. मोघम कोणी लिहिलं, ‘अ मॅन हू कॅन कुक’, की समासात तुमची पेन्सिल मराठीत विचारायची, ‘कोण?’ बाकी सगळ्या वहीत इंग्रजी आणि समासात तेवढा एक मराठी शब्द. माझ्या पहिल्या वहीत तो एकसष्ट वेळा आहे. मी मोजलाय.

पंपाचा रविवार आठवतो? मी लिहिलं होतं की दादा हे वाडीतलं इंजिन चालू करू शकणारे गृहस्थ आहेत. मला वाटलं, शेतकरी माणूस, त्याला येणारच. तुम्ही टिंब दिलं नाहीत, ‘कोण?’ही लिहिलं नाहीत. ओट्यावरूनच हाक मारलीत, ‘वहिनी, दादाला इंजिन चालू करता येतं का गं?’

आतून वहिनी ओरडल्या, ‘कशाचं येतं! मागल्या टायमाला हँडल मारलं नि दोन दिवस खांदा धरून बसले. पानी मीच सोडते.’

दादा तिथेच बसून पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, ‘आक्का, हा इंग्रजीचा क्लास आहे का माझी चौकशी?’

सगळा ओटा हसला. मी वाक्य खोडलं आणि दादांच्या जागी वहिनींना उभं केलं. त्या दिवशी ‘हू’ आणि ‘कॅन’ एकत्र कसे येतात ते माझ्या डोक्यात जे बसलं ते आजतागायत हललेलं नाही. वहिनी हातात हँडल घेऊन उभ्या आहेत, असंच ते मला दिसतं.

तक्ता मी तिसऱ्या वर्षी केला. आडव्या ओळीत हू, हूम, विच, व्हूज आणि व्हेअर. उभ्या ओळीत कॅन, मे, मस्ट, शुड आणि माइट. पाच गुणिले पाच, पंचवीस रकाने, प्रत्येकात एक वाक्य. तुम्ही तो चष्मा कपाळावर सारून पाहिलात आणि म्हणालात, ‘हे काय आणलंत साळवी? डेपोचं वेळापत्रक?’

मी म्हटलं, ‘बाई, असं केलं की काही राहत नाही.’

दोन वर्षांत तेवीस भरले. ‘हूम’ आणि ‘मस्ट’चा, म्हणजे ज्या माणसासाठी आपल्याला काही केलंच पाहिजे असा, आणि ‘व्हूज’ आणि ‘माइट’चा, म्हणजे ज्याचं काही कदाचित घडेल असा, हे दोन राहिले. मी म्हणायचो, सरावाला एखादं बनवलेलं वाक्य चालतं. आमच्या ड्रॉइंगवर जो व्हॉल्व्ह असतो तसा व्हॉल्व्ह जगात कधीच तयार होत नाही, तरी ड्रॉइंग लागतंच. तुम्ही म्हणायचात, रकाना रिकामा राहू दे, खरं वाक्य येईल तेव्हा भरा. मी म्हणायचो, रिकामा रकाना म्हणजे अपुरं काम. तुम्ही म्हणायचात, ‘आणि भरायचा म्हणून भरलेला? तो काय?’ मग वहिनी चहा आणायच्या आणि वाद पुढच्या रविवारी जायचा.

मला अजूनही वाटतं की थोडंफार माझं बरोबर होतं. पण ते म्हणायचा हक्क मी गमावला, तो असा.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तुम्हाला दम लागायला लागला आणि दवाखान्यात ठेवलं. तुम्ही कॉटवरून मला सांगितलंत, ‘रविवार चुकवू नका. तुम्ही घ्या.’ मी पोचलो तर ओट्यावर सहा जण. त्यात लीना होती. विरारहून यायची, तेवीस वर्षांची, एका नर्सिंग होममध्ये आया म्हणून काम करायची, आणि तिला परिचारिकेच्या मदतनिसाच्या कोर्सला जायचं होतं. तिच्या पिशवीतून कोर्सचा फॉर्म डोकावत होता. त्यावर एका ऑफिसचा शिक्का हवा होता आणि आठ दिवसांनंतरच्या सोमवारी तो जमा करायचा होता, हे ती आल्यापासून सगळ्यांना सांगत होती.

मी खडू घेतला. ‘विच’ आणि ‘कॅन’ समजावायचं होतं. सहा जण माझ्याकडे बघत होते आणि मला काही सुचेना. इतकी वर्षं मी लिहायचो आणि तुम्ही तपासायचात. उभं राहून चटकन खरं वाक्य काढायची मला सवयच नव्हती. फॉर्म दिसला आणि मी लिहून टाकलं, ‘द ऑफिस विच कॅन स्टॅम्प युवर फॉर्म इज ओपन ऑन सॅटरडे.’ जे ऑफिस तुमच्या फॉर्मवर शिक्का मारू शकतं ते शनिवारी उघडं असतं. आमच्या कारखान्याचं ऑफिस शनिवारी अर्धा दिवस उघडं असतं, म्हणून शनिवार. दुसरं काही कारण नाही. त्या ऑफिसात मी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

लीनाने ते उतरवून घेतलं. दुसऱ्या कुठल्याही क्लासात कोणी फळ्यावरच्या सरावाच्या वाक्यावर विसंबून राहत नाही. तुमच्या वर्गातली माणसं राहत. तिने शुक्रवारची अर्धी रजा घेतली होती ती रद्द केली, कामावर गेली, आणि शनिवारी सकाळी शिक्क्यासाठी उभी राहिली. शटर बंद. सोमवारी ड्युटीवरून सुटून पोचेपर्यंत एक वाजून गेला. शिक्का मिळाला, पण तो घेऊन जाईपर्यंत मुदत संपली होती, कोर्सच्या खिडकीवर फॉर्म घेतला नाही. वर्ष गेलं.

मधल्या रविवारी लीना आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही घरी आला होतात. मधल्या खोलीत पलंगावर उशीला टेकून बसला होतात. लीना दारातूनच बोलत आत आली. ‘बाई, ते ऑफिस बंद होतं ना! मी दीड तास उभी होते तिकडे. सगळं गेलं माझं. फळ्यावर लिहिलं होतं शनिवारी उघडं म्हणून!’

तुम्ही तिला जवळ बसवलंत. मग माझ्याकडे पाहिलंत. मी दाराशी उभा होतो. माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो, पण आवाज यायच्या आत तुम्ही म्हणालात, ‘ते वाक्य माझं आहे, लीना. माझ्या जुन्या वहीतलं. साळवींनी तिथून उतरवलं. वेळ बदलली असणार, मी चौकशी करायला हवी होती. चूक माझी.’

लीना रडायची थांबली. आजारी माणसावर काय रागावणार? तिने तुमच्या पायावरची चादर सारखी केली आणि म्हणाली, ‘जाऊ दे बाई. तुम्ही आधी बऱ्या व्हा.’

मी तोंड मिटलं.

सगळे गेल्यावर मी तुमच्यापाशी आलो. ‘बाई, तुम्ही खोटं बोललात.’

‘हो,’ तुम्ही म्हणालात. ‘ती आत्ता तुमच्यावर भडकली असती तर पुन्हा या घराची पायरी चढली नसती, आणि तुम्हीही नसता चढलात. तुम्हाला मी ओळखते. तिच्याजवळ हे किती दिवस ठेवायचं ते तुम्ही ठरवा.’

मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो.

बाई, त्यानंतर सव्वीस रविवार झाले. मी कॅलेंडरवर मोजले. पहिल्या रविवारी लीनाचा मूड बरा होता, म्हटलं कशाला बिघडवा. दुसऱ्या रविवारी ती आली नाही. तिसऱ्या रविवारी तिच्याबरोबर तिची मैत्रीण शबाना होती. गणपतीत गर्दी. दिवाळीत तर असं कोणी सांगतं का? सव्वीसपैकी एकवीस रविवार ती आली होती आणि माझ्यासमोर बसून जुड्या बांधत होती. तुम्ही एकदाही आठवण केली नाहीत. तुमच्या नजरेतही काही नव्हतं, आणि मी ते शोधत असायचो.

त्या दिवसापासून मी खडूला हात लावला नाही. तुम्ही पलंगावरून शिकवायचात, आम्ही मधल्या खोलीत दाटीने बसायचो. मेथीचा वास, तुमच्या औषधांचा वास. दिवाळीनंतर तुमचा आवाज बारीक होत गेला. एकदा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ‘साळवी, वर्ग आता तुम्ही घ्या.’ मी म्हटलं, माझे उच्चार नीट नाहीत. तुम्ही म्हणालात, ‘माझे तरी कुठे आहेत? होळीत शिकले मी इंग्रजी.’ सगळे हसले. मी हसलो नाही. लीना म्हणाली, ‘घ्या ना काका, तुम्ही किती परफेक्ट असता सगळ्यात.’ त्या एका शब्दाने मला जे झालं ते तुम्ही पाहिलंत, कारण तुम्ही लगेच विषय बदललात.

आणि मला वेगळा अभ्यास दिलात. हा वर्ग कोणी घ्यावा, यावर पाच वाक्यं.

मी घरी बसून लिहिली. चांगलं इंग्रजी बोलू शकणारा माणूस हवा. ज्याने संयम ठेवायलाच हवा असा हवा. ज्याच्यावर सगळे विश्वास ठेवू शकतील असा हवा. जो शक्यतो निवृत्त असावा. जो होळीजवळ राहणारा असेल तर बरा. पाचही वाक्यांत ‘हू’ किंवा ‘हूम’ जागच्या जागी, कॅन, मस्ट, शुड नीट तोलून. पाचपैकी एकातही चूक नाही याची मला खात्री होती. वही तुमच्या उशाशी ठेवली. त्यानंतरच्या रविवारी पहाटे दादांचा फोन आला.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. एवढंच सांगतो की तुम्हाला नेलं त्यानंतर ओट्यावर माठाचा ढीग तसाच होता. शनिवारी संध्याकाळी काढलेला. वहिनी म्हणाल्या, ‘वाळून जाईल.’ मग तुमच्या वर्गातले आम्ही पाच जण बसलो आणि तो बांधून काढला. एकशे चाळीस जुड्या. लीना माझ्या डाव्या हाताला होती. तिची एक गाठ सुटली ती मी बांधली. तेव्हाही बोललो नाही.

दहाव्याला वहिनींनी मला एक कापडी पिशवी दिली. ‘आक्कानी तुमच्यासाठी काढून ठेवलेली.’ आत खडूचा डबा, बोटभर उरलेली पेन्सिल आणि माझी वही. घरी येऊन मी वही उघडली. पाच वाक्यांपुढे एकही टिंब नव्हतं. समासात पाचही वाक्यांना मिळून एक वाकडातिकडा कंस होता. आणि कंसाशेजारी तेच. ‘कोण?’

बाई, मी त्रेपन्न वर्षांचा आहे. मला स्वयंपाकघरात सुषमासमोर रडू आलं.

तिला सगळं सांगितलं. शनिवारचं वाक्य, तुमचं खोटं, माझे सव्वीस रविवार. तिने ऐकून घेतलं. ‘मोजून झालं ना सगळं?’ ती म्हणाली. ‘मग आता जा आणि सांगा.’

पण तसंच जायचं माझ्याने होईना. लीनापुढे उभं राहून नुसतं ‘चुकलो’ म्हणायचं, तर हातात काहीतरी खरं हवं. गुरुवारी मी रजा टाकली आणि त्या ऑफिसात गेलो. पहिल्या खेपेला दीड वाजून पाच मिनिटांनी पोचलो, खिडकी बंद झालेली. पाटीवर वेळ होती पण खडूने लिहिलेली, अर्धी पुसलेली. परत अडीचला गेलो, तेव्हा दुसऱ्या कामांसाठी खिडकी उघडली होती. खिडकीतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘सोमवार ते शुक्रवार, साडेदहा ते दीड. दुपारी शिक्के नाहीत. शनिवार बंद.’ मी त्यांना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, ‘काका, लिहून देऊ का?’ मी म्हटलं, द्या. त्यांनी हसत हसत चिठ्ठीवर लिहून दिलं.

शनिवारी मी तक्ता काढला आणि ‘हूम’ आणि ‘मस्ट’चा रकाना भरला. जिला मला सांगायलाच हवं अशी एक मुलगी आहे. वाक्य सहा महिने तयार होतं. मीच त्याला आत येऊ देत नव्हतो.

काल रविवार. तीनला पाच मिनिटं कमी असताना मी ओट्यावर पोचलो. मधल्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला लावला आहे. दादांनी फळा पुसून ठेवला होता. त्यांनी मला विचारलं नाही की मी का आलोय. ढीग मेथीचा होता. सात जण आले. लीना शेवटी, धापा टाकत, ‘सॉरी सॉरी, रिक्षाच मिळेना.’

ती बसली, सोपटाची पट्टी हातात घेतली, तेवढ्यात मी बोलायला लागलो. मी आधी बसायला हवं होतं, पाणी प्यायला हवं होतं, पण मग मी बोललो नसतो. मी उभ्यानेच सांगितलं. ‘लीना, ते शनिवारचं वाक्य बाईंचं नव्हतं. कुठल्या वहीतलं नव्हतं. मी मनाने बनवलं होतं. बाईंनी माझ्यासाठी ते स्वतःवर घेतलं. मी गप्प बसलो.’

लीनाने हातातली जुडी पूर्ण बांधली, बाजूला ठेवली आणि मग वर पाहिलं.

‘सहा महिने?’

‘हो.’

‘मी बाईंना घरी जाऊन किती बोलले माहितीये तुम्हाला? आईजवळ. म्हातारीला डोकं नाही राहिलं, कशाला शिकवते म्हणाले मी. बाईंना, काका!’ तिचा आवाज फाटला. ‘आणि तुम्ही इथे दर रविवारी समोर बसून जुड्या मोजायचात. माझ्या पण मोजायचात! तुझ्या दोन कमी आहेत म्हणायचात!’

मी म्हटलं, ‘हो.’

‘नुसतं हो काय?’

बाकीच्या सहा जणांनी माना खाली घातल्या होत्या. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे, पण पुढे येत नव्हत्या. लीना उठली. मला वाटलं, गेली. तुम्ही म्हणाला होतात तसंच, पायरी उतरली आणि गेली. ती नळापाशी गेली, तोंडावर पाणी मारलं, ओढणीने पुसलं आणि बराच वेळ वाडीकडे तोंड करून उभी राहिली. मी घड्याळ बघितलं नाही. किती मिनिटं ते मला सांगता येणार नाही.

परत आली ती ढिगाच्या दुसऱ्या टोकाला बसली, माझ्यापासून लांब. जुडी घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मग खरी वेळ काय आहे? जूनमध्ये परत भरायचाय मला. आणि ह्या शबानाला पण.’

मी खिशातून चिठ्ठी काढली. ती म्हणाली, ‘मला नको. फळ्यावर लिहा.’

मी खडू घेतला. बाई, सहा महिन्यांनी. ‘द ऑफिस विच कॅन स्टॅम्प युवर फॉर्म…’ सुरुवात तीच ठेवली, पुढे सोमवार ते शुक्रवार, साडेदहा ते दीड. शेवटचे शब्द थोडे वर चढले. मी बाजूला झालो.

लीनाने ते वाचलं. ‘स्वतः जाऊन बघितलंत?’

‘दोनदा.’

‘कधी?’

‘गुरुवारी. एक वाजून पस्तीसला आणि अडीचला.’

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. राग होताच, तो गेलेला नव्हता, आणि इतक्यात जाईल असं मला वाटत नाही. पण तिने वही उघडली आणि उतरवून घेतलं. मग शबानाने. मग सगळ्यांनी. वहिनी पुढे आल्या. ‘चहा निवला सगळा,’ त्या म्हणाल्या आणि तरी तोच दिला.

काल एकशे पंच्याहत्तर जुड्या झाल्या, वहिनींनी मोजल्या. सात माणसं, माणशी पंचवीस, बरोबर. लीनाच्या मी मोजल्या नाहीत.

आता आपला वाद. ‘हूम’ आणि ‘मस्ट’च्या रकान्यातलं वाक्य शनिवारी खरं होतं. रविवारी मी लीनाला सांगून टाकलं, म्हणजे आता ते खरं राहिलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, खोडा. मी म्हटलं असतं, लिहिलं तेव्हा खरं होतं, राहू दे. यावर आपला एक अख्खा रविवार सहज गेला असता. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे, पण तुम्ही ते म्हणायला हवं होतं.

दुसरा रकाना मी तसाच ठेवला आहे. त्याची घाई नाही, एवढं मी तुमचं ऐकलं.

वहीतल्या तुमच्या ‘कोण?’पुढे मी तुमच्याच पेन्सिलीने माझं नाव लिहिलं. आडनावासकट, सगळं. वर्ग सुटल्यावर वही ओट्यावर उघडीच राहिली होती. लीना निघताना तिथे थांबली, वाकून वाचलं, आणि पेन्सिल उचलली. मी लांबून बघत होतो. ती पेन्सिल तिने थोडा वेळ हातात धरली.

टिंब दिलं नाही. पेन्सिल वहीवर आडवी ठेवली आणि म्हणाली, ‘पुढच्या रविवारी तीनला म्हणजे तीनला सुरू करा काका. मला संध्याकाळच्या गर्दीची गाडी नको.’